हाताने टाकलेली तारीख

कापूस फुटायला लागला की माझं डोकं फिरतं. घरातले म्हणतात, आजोबांना ऑक्टोबरचं ऊन सोसत नाही. सोसत नाही हे खरं, पण चिडचिड त्या उन्हाची नसते. दसरा झाला की आमच्या गल्लीच्या तोंडावरून कापसाने फुगलेल्या गाड्या जायला लागतात. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकतात, हवेत सरकीचा तेलकट वास येतो, आणि पन्नासेक वर्षांपूर्वीचा एक अख्खा हंगाम माझ्या छातीवर येऊन बसतो. हंगाम कापसाचाच, पण मला त्यात कापूस दिसत नाही. दिसते ती अमरावतीतल्या एका सरकारी ऑफिसातली भिंत, त्या भिंतीवरचा एक लांबलचक सागवानी फळा, आणि त्याच्यासमोर तोंडात टाचण्या धरून उभा असलेला एकवीस वर्षांचा दीडशहाणा. तो मी.

यंदा त्यात नातीची भर पडली. मृणाल पुण्यात मोठमोठ्या इमारतींच्या कामाची आखणी करते, म्हणजे कुठलं काम कधी सुरू होणार आणि कधी संपणार ते ठरवते. दिवाळीला आली तीही कॉम्प्युटर पोटाशी धरूनच. चकलीचा तुकडा तोंडात, डोळे पडद्यावर. मी चष्मा पुसत तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. पडद्यावर आडव्या निळ्या पट्ट्या होत्या. एका पट्टीच्या टोकातून बाण निघून खालच्या पट्टीच्या डोक्याला लागलेला, तिच्यातून आणखी एक. पाहिलं मात्र, आणि मी चष्मा काढून पुन्हा पुसला.

"हे काय गं?"

"कामाचा आराखडा, आजोबा. ही पट्टी म्हणजे पाया, ही भिंती, हा स्लॅब. पाया लांबला की पुढचं सगळं आपोआप सरकतं." तिने एक पट्टी ओढून दाखवली. खालच्या सगळ्या मुकाट उजवीकडे गेल्या. "पण प्रत्येक कामाला दोन सोयी आहेत. एक आपोआप, दुसरी हाताने. हाताने तारीख टाकली की ते काम तिथेच बसून राहतं, मागचं कितीही लांबलं तरी. मला अजून नीट कळत नाही, कुठलं काम हाताने टाकायचं ते."

"आणि हे तू मला विचारतेस?" मी इतक्या जोरात म्हणालो की सूनबाई झारा हातात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्या पोरीची काही चूक नव्हती. मी अंगणात जाऊन बसलो. समोरच्या रस्त्याने कापसाचा एक ट्रक गेला, आणि मागे उडालेला पुंजका फाटकाला चिकटून राहिला.

बासष्टच्या पावसाळ्यात मी ट्रेसर म्हणून कामाला लागलो. इंजिनियरने पेन्सिलीने काढलेला नकाशा निळसर मेणकापडावर शाईने गिरवायचा, एवढंच ते काम. पण सरकारी ऑफिसात खुर्चीवर बसणारा आमच्या घरातला मी पहिला. बाबा छप्पनच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन आले, तेव्हापासून त्यांचा एकच धोशा होता, शीक आणि ऑफिसात बस. मी बसलो. नेमणूक तात्पुरती होती, म्हणून खुर्चीच्या कडेवर बसलो. वर मान करून बोलायची प्राज्ञा नव्हती.

साहेब होते दामले नावाचे, पुण्याचे. माणूस प्रामाणिक, कामाला वाघ, पण कुठेतरी आखणीचं प्रशिक्षण घेऊन आले होते आणि ते त्यांच्या अंगात भिनलं होतं. आल्या आल्या त्यांनी परतवाड्याच्या सुताराकडून तो फळा करवून घेतला. फळ्याला आडव्या खाचा, खाचांमध्ये पुठ्ठ्याच्या सरकत्या पट्ट्या, वरच्या कडेला महिने आणि आठवडे. एका कामाची एक पट्टी. प्रत्येक पट्टीच्या टोकाला बारीक लाकडी खुंटी, आणि ती खुंटी खालच्या पट्टीच्या डोक्याला टेकलेली. वरचं काम लांबलं की पट्टी उजवीकडे सरकवायची. खुंटी खालच्या पट्टीला ढकलणार, ती तिच्या खालचीला, असं करत शेवटच्या पट्टीपर्यंत. शेवटच्या पट्टीवर मीच सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'पूल खुला'. मृणालच्या कॉम्प्युटरमध्ये आहे ते सगळं त्या फळ्यात होतं, फक्त वीज लागत नव्हती.

पूल म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. तिवशाच्या रस्त्यापासून दोन कोस आत एक नाला होता, आणि नाल्यापलीकडे माझ्या ताईचं सासर. उन्हाळ्यात त्या नाल्यात पोरं विटीदांडू खेळत. पावसाळ्यात तोच नाला गावाला दोन-दोन दिवस कोंडून ठेवी. दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात ताई पहिलटकरीण होती. कळा सुरू झाल्या तेव्हा भाऊजींनी गाडी जुंपली, पण गाडी नाल्याच्या काठाला येऊन थांबली. सकाळपासून दिवस कलेपर्यंत ताई त्या गाडीत पडून होती आणि पाणी उतरत नव्हतं. उतरलं तेव्हा मूल गेलेलं होतं. मुलगा होता. ताई त्याबद्दल कधीच बोलली नाही, आणि आमच्यापैकी कोणाची विचारायची हिंमत झाली नाही. म्हणून हा पूल माझ्या टेबलावर आला तेव्हा मी तो नकाशा इतका जपून गिरवला की हेडक्लार्क म्हणाले, लग्नपत्रिका काढतोस काय.

साहेबांचा नियम एकच होता. फळ्यावर टाचणी मारायची नाही. पट्टी टाचणीने फळ्याला खिळवली की ती हलत नाही, आणि न हलणारी पट्टी म्हणजे साहेबांच्या दृष्टीने अडाणीपणा. "अहो तायडे," ते मला म्हणाले, "तारीख गणितातून यायला हवी, मनातून नाही." ऐकायला किती छान! आणि त्या छान गणिताने पहिल्याच महिन्यात काय करावं? दगड वाहायला बैलगाड्या येण्याची तारीख काढून दिली, ती नेमकी पोळ्याची.

वऱ्हाडात पोळ्याला गाडी! माझ्या पोटात हसू मावेना आणि साहेबांना सांगायची सोय नव्हती. आदल्या दिवशी साहेबांबरोबर जीपने गावात गेलो. गाडीवानांचे पुढारी सुपडाजी अंगणात बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळत होते. साहेब म्हणाले, "उद्या सकाळी आठला वीस गाड्या लागतील." सुपडाजींनी चोळणारा हात थांबवला नाही.

"सायेब, आज खांदशेकणी हाये. उद्या पोया. उद्या बैलाच्या खांद्यावर कोनी जू ठेवत असते का? परवा पोट्ट्यायचा तान्हा पोया. मंग पाहू."

"पण आमच्या फळ्यावर उद्याची तारीख आहे."

"फळ्याले बैल हायेत का?" सुपडाजींनी विचारलं. चेष्टा म्हणून नाही, अगदी मनापासून विचारलं.

परत येताना जीपमध्ये मी धीर करून म्हणालो, "साहेब, असल्या दोन-चार पट्ट्या टाचून टाकू या का? पोळा काही आपल्या पायासाठी थांबत नाही." साहेब म्हणाले, "आज तुम्ही पोळ्याची टाचणी माराल तायडे, उद्या मावशीच्या लग्नाची." तात्पुरत्या माणसाला गप्प बसण्याचाच पगार असतो, असं मला त्या काळात वाटायचं.

पोळ्याचे तीन दिवस म्हणजे काहीच नव्हे. खरी गंमत कार्तिकात झाली. नाल्याची धार बारीक झाली, पाया खोदून झाला, आणि फळ्याने हिशेब करून सांगितलं की आता वर्धेच्या पात्रातून रेती आणा. कार्तिकात! शेतात सीतादही झालेली, म्हणजे पहिल्या वेचणीआधी बायांनी वावरात दहीभाताचा नैवेद्य ठेवून कापसाला हात घातलेला. त्या दिवसापासून गावातली प्रत्येक बाई ओटी बांधून वावरात, आणि प्रत्येक गाडी कापसाखाली. आमच्या ऑफिसच्या खिडकीतून ती रांग दिसायची. पहाटेपासून घुंगरांचा आवाज, कापसाच्या ढिगावर पालथे झोपलेले गाडीवान, बैल आपले ओळखीच्या रस्त्याने बाजाराकडे चाललेले. शंभर गाड्या डोळ्यांसमोरून जात आणि त्यातली एकही आमची नसे. नाल्यावर माती वाहणाऱ्या बाया वेचायला निघून गेल्या होत्या. कामावर उरले मुकादम, चौकीदार आणि एक पिवळं कुत्रं.

साहेब रोज सकाळी फळ्यासमोर उभे राहत आणि रेतीची पट्टी दोन बोटं उजवीकडे सरकवत. खुंटीने खुंटी ढकलली जाई. 'पूल खुला' मेमधून जूनमध्ये गेला, जूनमधून जुलैत. माझा जीव तुटायचा. ओरडून सांगावंसं वाटे की हे सरकवणं बंद करा, ही पट्टी खोदकामावर अवलंबून नाहीच, ही कापसावर अवलंबून आहे. ही आश्विनात घ्यायची होती किंवा आता माघात, मधलं सगळं सरकवणं व्यर्थ आहे! साहेबांनी सुपडाजींना ऑफिसात बोलावून घेतलं तर ते म्हणाले, "कापूस निंघाला का गाडी कापसाची, सायेब. माघात सांगा. मंग रेती कायले, तुमाले बी उचलून नेतो."

त्या पौषात साहेबांनी टाचण्यांची डबी माझ्या टेबलावर ठेवली. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "घ्या. मारा." एवढा मोठा माणूस असा हरलेला पाहून खरं तर वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद झाला. मी फळ्यासमोर गेलो आणि माघाच्या पहिल्या आठवड्यात रेतीची पट्टी ठोकून टाकली. ती टाचणी बरोबर होती. माघात गाड्या आल्या, रेती आली, खांब चढायला लागले. पण माझी मान ती टाचणी मारतानाच ताठ झाली होती, आणि तिथेच घात झाला.

कारण त्याच पौषात, संक्रांतीला, ताई माहेरी आली होती. वाण घेऊन आली, मायच्या कानात काही बोलली, आणि माय तिळगुळाचं ताट तसंच ठेवून रडायला लागली. ताईला पुन्हा दिवस गेले होते. बाळंतपण येणार होतं आषाढात. पुन्हा तोच आषाढ आणि तोच नाला. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो, डबीतून आणखी एक टाचणी काढली आणि 'पूल खुला' ही पट्टी जुलैतून काढून, वरच्या खुंटीच्या अलीकडे, एक जूनला खिळवली. कोणी सांगितलं नव्हतं. कशातून मोजली नव्हती. मिरगाच्या आधी पूल व्हायला हवा, एवढंच माझ्या मनात होतं, आणि मनातलं मी फळ्यावर ठोकलं. फळ्यावर ती पट्टी बाकीच्या टाचलेल्या पट्ट्यांसारखीच दिसत होती, आणि साहेबांना वाटलं की तायड्यांनी काहीतरी हिशेब केला असेल.

माणूस स्वतःचंच अक्षर वाचून फसतो. आठ दिवसांत मलाही ती तारीख खरी वाटायला लागली.

फाल्गुनात साहेबांनी मला अकोल्याला पाठवलं. काँक्रीट कालवायचं मिक्सर आमच्याकडे नव्हतं. एकच यंत्र होतं, ते अकोल्याहून पाळीपाळीने फिरे, आणि हाताने कालवलेला स्लॅब साहेबांना चालत नसे. मूर्तिजापूरवरून एस.टी.ने गेलो. अकोल्याला उतरलो तर होळीच्या आधीच अंगातून वाफा निघत होत्या. तिथल्या गोदामात बनियनवर बसलेल्या एका गृहस्थांनी वही उघडली, बोट फिरवलं आणि म्हणाले, "एप्रिलचा पयला आठवडा. आठ दिवस. नवव्या दिवशी ते बुलढाण्याकडे जाईन. तुमचा स्लॅब झाला तरी जाईन, नाई झाला तरी जाईन." त्या माणसाचा मला राग आला नाही. उलट बरं वाटलं. तारीख त्यांच्या हातात होती आणि त्यांनी ती स्वच्छ सांगितली. तीही मी येऊन टाचली. तीही बरोबर होती.

होळीला ताईकडे गेलो. तिचं घर नाल्याच्या वरच्या अंगाला, चढावर. मागच्या दारातून अर्धे झालेले खांब दिसत. माय मला निघताना सांगत होती, तिला चैत्रातच घेऊन ये, बाळंतीण माहेरीच बरी. पण ताईची सासू अंथरुणाला खिळलेली, घरात दुसरं बाईमाणूस नाही. ताई म्हणाली, "आता आली तं चार महिने इकडचं कोन पाहीन?"

"काहून येतं आताच?" मी म्हणालो. "एक जूनले पूल खुला होते. मंग आषाढात का श्रावणात, कवाबी गाडीत बस अन् ये. पानी खालून जाईन, तू वरून येशीन."

"नक्की होते?"

"भिंतीवर लिहून टाचणी मारली, ताई. माया हातानं."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. माझ्या पानात तिने आणखी एक पुरणपोळी वाढली. घरी येऊन मी मायला सांगितलं, घाई नको, मी सगळं पाहिलं आहे.

मग लोखंड आलं नाही. सळया कुठेतरी अडकल्या, चैत्र उजाडला तरी स्लॅबच्या साच्यात त्यांचं जाळं बांधून होईना. मी सळयांची पट्टी उजवीकडे सरकवायला गेलो तर ती हलेना. तिची खुंटी मिक्सरच्या टाचलेल्या पट्टीला जाऊन अडली होती. फळा मला सांगत होता, अरे बाबा, इथे थांब, हे जमत नाही. साहेबांच्या त्या फळ्याला मी नावं ठेवत होतो, पण त्या दिवशी तो खरं बोलत होता. मी काय केलं? इकडेतिकडे पाहिलं, खुंटी मोडली आणि खिशात घातली. पट्टी सुरळीत सरकली, मिक्सरच्या वरून पलीकडे गेली. दिसायला सगळं झकास.

मिक्सर आपल्या तारखेला आलं. आठ दिवस नाल्याच्या काठी बाभळीखाली उभं राहिलं. गावातली माणसं येऊन त्याच्या पोटावर थापा मारून जात. सुपडाजींनी मला विचारलं, "हे फक्त पाहाले आनलं का?" नवव्या दिवशी ते बुलढाण्याकडे गेलं. साहेबांनी हातापाया पडून पुढची पाळी मिळवली ती मेच्या मध्यावर. त्यानंतर स्लॅब. स्लॅबखालचे टेकू काढायला अठ्ठावीस दिवस. मग दोन्ही बाजूंचा भराव. मी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. काहीही केलं तरी आषाढ अर्धा उलटत होता. आणि भिंतीवर 'पूल खुला' एक जूनलाच बसलेला. वरचे मोठे साहेब पाहणीला आले, त्यांनी आधी शेवटची पट्टी पाहिली आणि म्हणाले, "छान." फळा पाहणारा प्रत्येक माणूस आधी शेवटचीच पट्टी पाहतो.

अंगणातून मी परत घरात आलो तेव्हा मृणाल अजून तिथेच होती. मी खुर्ची ओढून बसलो.

"हे बघ. ज्या कामाची तारीख दुसऱ्याच्या हातात आहे, तेवढंच हाताने टाक. सण, कापसाचा हंगाम, भाड्याचं यंत्र, कोर्टाची तारीख. आपलं मागचं काम संपलं म्हणून ती येत नाहीत आणि लांबलं म्हणून थांबत नाहीत. बाकी सगळं आपोआप राहू दे. आणि हाताने टाकलंस की रोज जाऊन बघ, मागचं काम त्याच्या अंगावर तर येत नाही ना."

"अंगावर आलं की इथे खाली लाल रेघ येते," ती म्हणाली. "पण ती बंद करता येते."

"कोण बंद करतं?"

"सगळेच."

मला पुन्हा चढायला लागलं. "आणि शेवटची तारीख? काम पुरं झाल्याची? ती कधीही हाताने टाकू नकोस."

"आजोबा, आमचे वरिष्ठ तर सगळ्यात आधी तीच टाकायला सांगतात."

"त्याचा फोन नंबर दे मला," मी म्हणालो. ती हसली. मी हसलो नाही. पन्नास वर्षांत माणसाने चंद्रावर पाऊल ठेवलं, आणि फळ्यावर मनातली तारीख ठोकायची खोड काही गेली नाही. वर लाल रेघ पुसायची सोयही करून ठेवली आहे. कमाल आहे!

पण खरं सांगायचं तर ती चिडचिडही वरवरचीच. चुकीची तारीख टाकली, हा काही मोठा गुन्हा नव्हे, तारखा चुकतातच. मला डाचतो तो त्या वर्षीचा मे महिना. स्लॅब पडला, त्यावर ओली पोती अंथरली. नाला तर फाल्गुनातच कोरडा पडलेला, म्हणून पिंपांनी गाडीतून पाणी आणून बाया ती पोती भिजवत होत्या. साहेबांनी मला दोनदा कामावर पाठवलं. मी गेलो, पोत्यांवर हात ठेवून ओल पाहिली, टेकू मोजले. वर चढावर ताईचं घर होतं. पाच मिनिटांची वाट. पहिल्या वेळी मी स्वतःला सांगितलं की एस.टी. चुकेल. दुसऱ्या वेळी काही सांगायचीही गरज पडली नाही, पाय आपोआप मागे वळले. जाऊन सांगायचं काय? की तुझ्या भावाने भिंतीवर थाप मारली आहे? घरी माय विचारायची, ताई कशी आहे. मी म्हणायचो, बरी आहे.

रोज मिरग जवळ येत होता आणि रोज मी ठरवत होतो की उद्या सांगू. तिच्या पोटातलं मूल, ती गाडी, तो काठ हे सगळं मला दिसत होतं, आणि तरी मी मेणकापडावर रेघा ओढत बसलो होतो. इतका भित्रा मी त्याआधी नव्हतो आणि नंतरही झालो नाही.

भाची आषाढात झाली. अमरावतीच्या इस्पितळात, दिवसाउजेडी, सगळं सुरळीत. आता ती स्वतः पन्नाशी ओलांडून बसली आहे आणि माझ्यावरच डाफरते. पूल दिवाळीनंतर खुला झाला, अजून आहे, त्यावरून आता ट्रक जातात. सगळं चांगलं झालं म्हणून ही गोष्ट कोणी मला विचारत नाही, आणि मीही कोणाला सांगितलेली नाही.

मिरगाला सात-आठ दिवस होते. रविवार होता, भर दुपार. दारात सायकलरिक्षा थांबली आणि तिच्यातून ताई उतरली. तोंड उन्हाने लाल झालेलं, पदर डोक्यावरून ओढलेला, पाय सुजलेले. सासूची सोय तिने नणंदेला बोलावून आपणच लावली होती. पूल नव्हताच, म्हणून गाडी नाल्याच्या कोरड्या पात्रात उतरवली होती, आणि टेकूंच्या गर्दीत गाडी अडखळायला लागली म्हणून तेवढं अंतर ती पायी आली होती. भाऊजींनी पेटी ओट्यावर ठेवली आणि ते मागे हातपाय धुवायला गेले. माय पाणी आणायला आत पळाली. ओट्यावर आम्ही दोघंच उरलो.

मी बोलायला लागलो. लोखंड आलं नाही, मिक्सर आलं अन् गेलं, टेकू अठ्ठावीस दिवस काढता येत नाहीत, सगळं एका दमात सांगितलं. ती पायावरची धूळ झटकत ऐकत होती.

"पूल होत नाई, हे का मले दिसत नवतं, मनू? मागच्या दारातून रोज पाहात होती मी."

"मंग आधीच निंघा लागत होतं नं!" मी तिच्यावरच चिडलो. "अशा उन्हात, अशा पोटानं! काहून थांबली तू?"

तिने वर पाहिलं. रागावलेली नव्हती.

"दोनदा आलता तू नाल्यावर. माया डोयानं पाह्यलं. दोन्ही खेपा मी चहाचं आधन ठेवलं, मनू येते म्हनून." मग ती म्हणाली, "पुलासाठी नवती थांबली मी. तू येऊन सांगतं का, तेवढंच पाहून राहिली होती."